झडीत पळायला जॅकेट कोणतं घ्यावं?

पत्र:

सर, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय 21. पोलीस भरतीची तयारी करते आहे. रोज पहाटे 5 वाजता घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत आणि परत, असे 5 किलोमीटर पळते. उन्हाळाभर एक दिवस चुकला नाही, पण मृग लागला की सगळं विस्कटतं. मागच्या वर्षी आठवडी बाजारातून 300 रुपयांचा रेनकोट आणला. दहा मिनिटांत त्याच्या आत भट्टी होते आणि पावसात भिजले नसते इतकी मी आतूनच भिजते. रेनकोट न घालता पळावं तर टी-शर्ट अंगाला चिकटतो, आणि सडकेवरच्या पानठेल्यावर सकाळीच पोरं बसलेली असतात. आई म्हणते, झड लागली की घरी बस, ताप आला म्हणजे? पुण्याला नोकरी करणारा मामेभाऊ म्हणतो, 8,000 रुपयांचं चांगलं जॅकेट घे, त्यातून घाम बाहेर जातो आणि पाणी आत येत नाही. माझ्याकडे रोवणीच्या मजुरीचे 3,000 रुपये जमले आहेत, वरचे तो द्यायला तयार आहे. घेऊ का? आणि तेच जॅकेट हिवाळ्यात चालेल का?

उत्तर:

बेटा, ते जॅकेट घेऊ नको. मामेभाऊ खोटं बोलत नाही. पुण्याला जुलैत गार वारं सुटलेलं असतं, तिथे त्याचा अनुभव तसा असेलही. पण आपल्याकडे झड लागली तरी गदमदायचं थांबत नाही, आणि त्या महाग कापडाचा सगळा खेळ बाहेरच्या हवेवर असतो.

ही चूक मी स्वतः करून बसलो आहे. शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी मुलाने मला एक भारी जॅकेट भेट दिलं. ऑगस्टचा महिना, पहाटेची रिपरिप. मोठ्या ऐटीत ते घालून मी 6 किलोमीटर पळून आलो, चेन उघडली तर आतला बनियन पिळून काढावा इतका ओला. लगेच मुलाला फोन करून सुनावलं की तुझं हे जॅकेट गळतं, परत कर. दोन दिवसांनी तेच जॅकेट घालून साकोलीहून भंडाऱ्याला गाडीवर गेलो. वाटेत असा पाऊस की समोरचा ट्रक दिसेना. भंडाऱ्याला उतरून बघतो तर शर्ट कोरडा ठणठणीत. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. परवा बाहेरून एक थेंबही आत आला नव्हता, ते सगळं पाणी माझंच होतं. मुलाला पुन्हा फोन करायला मात्र मी आठवडा लावला.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे दुकानदार कितीही गोड बोलला तरी तुझा पाय घसरणार नाही. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ओढण्याऐवजी एकदम झटका देऊन ताणली. ती तुटली नाही, उलट लांबच लांब ताणली गेली आणि तिच्या अंगात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जाऊ शकत नाही, पण वाफ जाऊ शकते. महाग जॅकेटांवर गोर-टेक्स असं नाव असतं, ते कापड हेच. स्वस्त जॅकेटांमध्ये त्याऐवजी कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. त्याचं काम थोड्या वेगळ्या रीतीने चालतं, पण दावा तोच: पाणी अडवायचं, वाफ सोडायची.

दावा खोटा नाही. पण वाफ आपणहून बाहेर जात नाही, तिला कोणीतरी ओढावं लागतं. आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कोरडी असली तरच ती बाहेर जाते. अंगाजवळची हवा 35 अंशांची आणि घामाने पूर्ण ओली आहे असं धर. तिच्यातल्या वाफेचा दाब साधारण 56 मिलिबार भरतो. आता ऑगस्टची पहाट घे: 25 अंश, दमटपणा 95 टक्के. बाहेरच्या वाफेचा दाब 30 मिलिबारच्या आसपास. म्हणजे ओढ 26 ची. डिसेंबरची पहाट घे: 12 अंश, दमटपणा 70 टक्के. बाहेर जेमतेम 10, म्हणजे ओढ 46 ची. तेच जॅकेट, तीच मुलगी, तोच रस्ता, आणि झडीत त्याचं काम जवळपास निम्म्यावर येतं. गणित किचकट वाटत असेल तर सोडून दे आणि घरातली दांडी बघ. झडीच्या दिवसांत पडवीत टाकलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत ना? ज्या हवेत दांडीवरचं धोतर वाळत नाही, त्या हवेत जॅकेटाच्या आतला घामही वाळणार नाही.

त्यात तुझं पळणं. कापड किती वाफ सोडतं ते लेबलवर लिहिलेलं असतं, 10,000 ग्रॅम प्रति चौरस मीटर, 24 तासांत. आकडा भला मोठा दिसतो. तासाला भागून बघ, 400 ग्रॅमच्या थोडं वर येतो. तुझ्या मापाच्या जॅकेटाला सव्वा ते दीड चौरस मीटर कापड लागतं असं मानलं, तर फार तर अर्धा-पाऊण किलो घाम तासाला बाहेर जाईल, आणि तोही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. जोरात पळणाऱ्या माणसाला उकाड्यात तासाला लिटरभर घाम सहज येतो. वरून बाहेरचं कापड पावसाने भिजून जड झालं की उरलीसुरली वाटही बंद. 8,000 मोजून तुला 300 रुपयांच्या भट्टीपेक्षा थोडी बरी भट्टी मिळेल, एवढंच.

आता तुझ्या वावराकडे बघ. रोवणीला बाया वाकून पऱ्हे लावतात तेव्हा पाठीवर काय असतं? युरियाच्या पोत्याची खोळ. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा, डोक्यावर घ्यायचा, पाठ झाकली जाते आणि पुढून सगळं उघडं. दिवसभर पावसात राबूनही त्या बायांची तुझ्यासारखी भट्टी होत नाही, कारण वारा पुढून खेळता असतो. कापडातून वाफ जाण्याची वाट बघण्यापेक्षा हवेला मोठी मोकळी वाट देणं कधीही जास्त कामाचं, हे त्यांना कोणत्याही कंपनीने शिकवलेलं नाही. पळताना पोतं घे असं मी म्हणत नाही. पण जॅकेट हातात घेशील तेव्हा आधी ती खोळ आठव.

तर पावसात पळायचं कसं? भिजतच पळायचं. झडीच्या दिवसांत पळणारा माणूस भिजणारच आहे, पावसाने नाहीतर घामाने, आणि त्यात पाऊस बरा, तो निदान अंग थंड ठेवतो. तुझी चाचणी 800 मीटरची आहे. 50 गुणांपैकी 20 त्या धावण्याला, 15 शंभर मीटरला, 15 गोळाफेकीला. त्यातलं काहीही जॅकेट घालून करायचं नाही. आणि चाचणी कोरड्या दिवसातच होईल असंही नाही. 2024 ची भरती आठव. मैदानी चाचणी 19 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली आणि काही ठिकाणी पावसामुळे उमेदवारांना पुढची तारीख द्यावी लागली. ओल्या मैदानावर, ओल्या बुटांनी, डोळ्यांत पाणी जात असताना पळायची सवय ज्या मुलीला आहे, ती त्या दिवशी बिचकत नाही.

कपडे चिकटण्याचं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मला वाटतं खरी अडचण तीच आहे आणि तू जॅकेट शोधते आहेस ते पावसापेक्षा त्यासाठीच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पानठेल्यावरच्या पोरांनी मान खाली घालायला हवी हे खरं, पण ती घालेपर्यंत तुझी भरती निघून जाईल. म्हणून उपाय आपल्या हातातला करू. सुती टी-शर्ट आधी बाजूला ठेव. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं, अंगाला लपेटतं आणि काखेत, मांडीला घासून सोलटून काढतं. त्याऐवजी पॉलिस्टरचा जाळीदार खेळाचा टी-शर्ट घे, गडद रंगाचा, काळा किंवा निळा, एक माप मोठा. आत घट्ट स्पोर्ट्स ब्रा. आणि वरून, हे नीट वाच, रस्त्यावर काम करणारी माणसं घालतात ती बिनबाह्यांची नारिंगी किंवा पोपटी रेडियमची बंडी. हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळते. जाळीची घे, बंद कापडाची नको. ती छाती-पाठ झाकते, अंगाला चिकटत नाही, वाऱ्याला अडवत नाही आणि पहाटेच्या अंधारात रेतीच्या टिप्परवाल्याला तू लांबून दिसतेस. माझ्या मते तुझ्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. पावसात समोरच्या काचेवर पाणी असताना गडद कपड्यातला माणूस चालकाला दिसतच नाही. आणि बंडी असो नसो, पळायचं उजव्या बाजूने, गाडीच्या समोरून.

डोक्याला टोपी घे, पुढे झडप असलेली. डोळ्यांत पाणी जात नाही एवढ्यानेच अर्धा त्रास संपतो. काखेत आणि मांडीला निघण्याआधी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लाव.

मग जॅकेट नकोच का? हवं, पण वेगळ्या कामासाठी. ते थांबण्यासाठी घ्यायचं.

भरतीच्या मैदानावर कधी गेली असशील तर तुला माहीत आहे. पहाटे बोलावतात, मग उंची, कागदपत्रं, छातीवरचा क्रमांक, आणि तुझा गट पुकारेपर्यंत उघड्यावर बसून राहायचं. दोन तास, तीन तास. तेव्हा पाऊस आला, वारा सुटला, तर अंग गारठतं, पोटऱ्या आखडतात आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच पाय बोलायला लागतात. मी शाळेच्या मुलांना जिल्ह्याच्या स्पर्धांना घेऊन जायचो तेव्हा तयारीतली पोरं धावण्याने नाही, बसण्याने हरताना पाहिली आहेत. तिथे जॅकेट हवं. तसंच पळून झाल्यावर, तलावाच्या पाळीवर ताण देताना, घामेजलेल्या अंगाला वारा लागतो तेव्हा हवं. पळायला सुरुवात करतानाची पहिली दहा मिनिटंही त्यात चालतील. अंग तापलं की काढायचं, घडी करून कमरेला बांधायचं आणि मग भिजायचं.

आईचंही यात थोडं खरं आहे. पावसात भिजल्याने ताप येत नाही, तो विषाणूंनी येतो, डासांनी येतो, आणि पावसाळ्यात दोन्ही भरपूर असतात. पण ओल्या कपड्यांत वाऱ्यावर गप्पा मारत उभं राहिलीस तर हुडहुडी भरेल आणि दुसऱ्या दिवशीचा सराव बुडेल. घरी आल्याबरोबर कपडे बदल, केस पूस, गरम चहा घे. आईला सांग, मी भिजून येईन पण ओली बसणार नाही. एवढ्यावर ती तयार होईल असं वाटतं.

हिवाळ्याचं विचारलंस. तिथे हे जॅकेट खरं कामाला येतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 8-10 अंशांपर्यंत उतरतो, धानाच्या बांध्या रिकाम्या झालेल्या असतात आणि तलावावरून येणारा वारा कानशिलं कापतो. त्या हवेत पातळ विंडचीटर म्हणजे सोनं. आत एक टी-शर्ट, वर विंडचीटर, बस्. स्वेटर घालून पळू नको, पाचव्या मिनिटाला तो ओझं होतो. मग फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी. गारा आणि वादळ घेऊन येतो तो. त्यात कोणत्याही कपड्याचा उपयोग नाही, पळायलाच जायचं नाही.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये जॅकेटाला हात लावू नको. हे सांगायचं कारण, भरतीच्या अकादम्यांमधली काही पोरं वजन उतरवायला उन्हात प्लास्टिकचं जॅकेट किंवा तुझ्यासारखा रेनकोट घालून पळतात. उतरतं ते पाणी, चरबी नाही. दोन तांबे पाणी पिलं की काटा पुन्हा होता तिथे. 1997 मध्ये अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना दगावले, त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. तीही हिवाळ्यातली गोष्ट. आपल्याकडे तर 45 अंश असतात. कोणी मास्तर असं करायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नको, मग तो माझा विद्यार्थी का असेना.

आता दुकानात. नागपूरला सीताबर्डीवर जा नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी, पण हात लावून, घालून घे. मोबाइलवरून मागवू नको, निदान पहिलं तरी. हजाराच्या आतबाहेर तुझ्या कामाचं जॅकेट मिळायला हवं. लेबलवरचे तीन शब्द ओळखायला शीक. वॉटर रिपेलंट म्हणजे पाणी घरंगळतं, सरींपुरतं. वॉटर रेझिस्टंट म्हणजे थोडा वेळ अडतं. वॉटरप्रूफ म्हणजे अडतंच, आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा मिलिमीटरमध्ये आकडा असतो. कापडावर एक नळी उभी करून तिच्यात पाणी भरत जातात, कापडातून पाणी झिरपायला लागेपर्यंत नळीत जेवढी उंची झाली तो आकडा. 10,000 मिलिमीटर म्हणजे 10 मीटर पाण्याचा खांब, आपल्याकडच्या एखाद्या विहिरीएवढा. डोंगरात पाठीवर जड पिशवी घेऊन दिवसभर चालणाऱ्याला तो लागतो, पट्ट्याखाली कापड दाबलं जातं म्हणून. तुला 2,000 चं किंवा नुसतं रिपेलंटही पुरे. आकडा जितका चढा, तितकं सहसा कापड जाड आणि किंमतही चढी.

एक सोपी परीक्षा सांगतो. कापड तोंडाला लावून फुंकर मार. हवा आरपार गेली तर ते नुसतं विंडचीटर आहे, पाऊस अडवणार नाही पण पळायला सुसह्य. अजिबात गेली नाही तर लेप दिलेलं आहे. तुझ्यासाठी मी पहिल्या प्रकाराकडे झुकेन. दुसरं आवडलंच तर त्याला हवेची वाट असायलाच हवी: काखेखाली चेन किंवा जाळी, पाठीवर खांद्याखाली झाकलेली फट, आणि पुढची चेन वरपासून खालपर्यंत पूर्ण उघडणारी. नुसतं डोक्यातून घालायचं, अर्ध्या चेनचं घेऊ नको. आपल्या हवेत ती चेन म्हणजे खिडकी आहे.

वजन बघ. दुकानात काटा असतो तर ठेवायला लाव, नाहीतर परत येताना किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून पाहा आणि जास्त निघालं तर बदलून आण. पळायचं जॅकेट 150 ते 250 ग्रॅमच्या आत असावं. चुरगळून मुठीत नाही तरी दोन मुठींत मावावं, स्वतःच्याच खिशात घडी होणारं असलं तर फारच छान. शिवण आतून तपास. सुईने टोचलेल्या प्रत्येक भोकातून पाणी येतं, म्हणून वॉटरप्रूफ म्हणवणाऱ्या जॅकेटला आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते. पट्टी नसेल आणि दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून पैसे मागत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा. मग घालून दोन्ही हात सरळ वर कर. जॅकेट पोटावरून वर सरकलं, तर गोळा फेकायच्या आधीच्या सरावात ते तुला छळणार. जागेवरच वीस पावलं पळ, लोक बघू देत. कापडाचा आवाज फार येत असेल तर तो 5 किलोमीटर ऐकवणार नाही. टोपी असेल तर मान डावी-उजवीकडे वळवून बघ. मान वळते आणि टोपी समोरच बघत राहते, अशी जॅकेटं फार. सडकेवर मागची गाडी दिसायला हवी, म्हणून टोपी काढता येणारी असली तर उत्तम.

रंग मात्र भडक घे, पिवळा, नारिंगी, पोपटी. आईला आवडणार नाही.

जॅकेट टिकवणं आपल्या भागात जरा अवघड आहे, ते घेण्याआधी ऐकून ठेव. नव्या जॅकेटवर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं, आपल्याकडे धोप्याच्या पानावरच्यासारखं, मोती होऊन घरंगळतं. कापडावर दिलेला तो पाणी घरंगळवणारा हात काही महिन्यांत उतरतो, आणि मग कापड पाणी प्यायला लागतं. लोकांना वाटतं जॅकेट गेलं. घाम, तेल, चिखल यांनीही तेच होतं, म्हणून ते धुवायला घाबरू नको. सौम्य साबण, थंड पाणी, भरपूर खंगाळायचं. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी अजिबात नको, त्याने कापड आणखी पाणी ओढतं. सावलीत वाळव. लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर वर सुती फडकं ठेवून अगदी मंद इस्त्री फिरव, गेलेले मोती बरेचदा परत येतात.

आणि पावसाळा संपला की घडी करून पत्र्याच्या पेटीत टाकू नको. आपण सगळे हेच करतो. पॉलियुरेथेनच्या लेपाला ओल आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. कौलाखालच्या पेटीत मे महिना काढला की तो चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. माझ्या त्या भारी जॅकेटच्या आधीचं एक असंच गेलं, उघडलं तर अंगावर कोंडा झडला. पूर्ण वाळवून खुंटीला, भिंतीपासून थोडं लांब, मोकळं टांग. उंदरांचं तुझं तू बघ.

विजेचं बोलल्याशिवाय पत्र संपवता येत नाही, कारण आपल्या भागात पावसाने कमी आणि विजेने जास्त घात होतो. वीज चमकल्यावर आकडे मोजायला लाग. आवाज 30 च्या आत आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे आणि तुझा सराव संपला. पक्क्या घरात जा. धुऱ्यावरच्या मोहाखाली नाही, तलावाच्या पाळीवर तर नाहीच, आणि पानठेल्याच्या टिनाखालीही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अॅप मोबाइलवर घेऊन ठेव, आसपास वीज पडण्याची सूचना ते आधी देतं. अशा दिवशी घरात दोरीवरच्या उड्या मार, जिन्यावर चढउतार कर, काहीही.

तर तुझे 3,000 असे खर्च कर: रेडियमची बंडी, गडद टी-शर्ट दोन, झडपेची टोपी, हजाराच्या आतबाहेरचं हलकं जॅकेट. उरतील ते बुटांना. झडीत एक जोड रात्रीत वाळत नाही, आत रद्दीचे बोळे कोंबून ठेवले आणि दर दोन तासांनी बदलले तरी कसाबसा वाळतो. दुसरा साधा जोड असला की सराव बुडत नाही. मामेभावाला द्यायचंच असेल तर म्हणावं, बुटांचे दे.

तो 300 रुपयांचा रेनकोट फेकू नको, बाबांना दे. गाडीवर बसून बाजाराला जायला त्याच्यासारखं काही नाही. त्यात पळायचं नसतं एवढंच.